हिशेब राहिलेले दहा घोडे

पुसेगावच्या यात्रेत आबा बैल बघायला निघाले की मी त्यांच्या मागे असायचे. व्यापारी खिल्लार जोड झूल घालून, शिंगं रंगवून ऐटीत उभी करायचा. आबा तिकडे बघायचेही नाहीत. "उभा बैल सगळ्यांचाच चांगला दिसतुया. चालीव, वळीव, मग बोलू," म्हणायचे. मग दात, मग खूर, मग चाल, आणि सगळं पटलं तरी जाता जाता पुन्हा एकदा खूर.

चेल्टनहॅमला येऊन मला अकरा वर्षं झाली. मी रेडिओग्राफर आहे, हाडांचे फोटो काढणं हे रोजचं काम. रेसकोर्स घरापासून चालत पाऊण तासावर, मागे क्लीव्ह हिलचा डोंगर. पहिली दोन वर्षं मी तिकडे फिरकलेच नाही. मग शेजारचे आजोबा एकदा नोव्हेंबरातल्या शर्यतींना घेऊन गेले. तरुणपणी ते एका तबेल्यात रोज पहाटे घोडे फिरवायचे. त्यांनी मला स्टँडवर नेलं नाही, थेट कुंपणापाशी नेऊन उभं केलं. वीसेक घोडे एका रांगेत आले, जमीन पायाखाली थरथरली, डहाळ्या तडातडा मोडल्या, जॉकी एकमेकांना ओरडून काहीतरी सांगत होते, आणि तीन सेकंदांत सगळे पलीकडे. हवेत फक्त चिखलाचा वास. त्या दिवसापासून माझा हिवाळा बदलला.

आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पावसाळ्यात पुण्याला होतात त्या सपाट शर्यती. तिथे तीन-चार वर्षांचं जनावर म्हणजे ऐन भरातलं. इथे हिवाळ्यात अडथळ्यांच्या शर्यती असतात आणि त्यांचा वेग वेगळा, आयुष्यही वेगळं. घोडा आधी बंपर नावाच्या बिनअडथळ्याच्या शर्यतीत शिकतो, मग हर्डलवर येतो. हर्डल साडेतीन फुटी, धक्का लागला तर मागे झुकणारं. त्यानंतर फेन्स, त्या शर्यतीला चेस म्हणतात. फेन्स किमान साडेचार फूट, डहाळ्या गच्च बांधलेली, चुकीला माफी न देणारी. आठ-नऊ वर्षांचा झाला की घोडा खरा रंगात येतो. बहुतेक खच्ची केलेले असतात, त्यामुळे पैदाशीसाठी लवकर निवृत्त व्हायचा प्रश्न नाही. तोच घोडा दर हिवाळ्यात परत येतो. कॉटो स्टारने केम्प्टनची किंग जॉर्ज चेस पाच वेळा जिंकली, २००६ पासून सलग चार आणि मग २०११ साली अकरा वर्षांचा असताना पाचवी. इतकी वर्षं एका जनावराच्या मागे राहिलं की ते घरचं होतं.

म्हणून दर ऑक्टोबरात इथे रेसप्रेमी नव्या मोसमासाठी दहा घोड्यांची यादी करतात. आमच्या विभागातही होते. नावं पाकिटात घालून द्यायची आणि एप्रिलपर्यंत बदल नाही. पैशांचा संबंध नाही. आबांनी बैल पळवले पण पैज कधी लावली नाही, ती सवय मीही पाळते. मी ही यादी जिव्हाळ्याने करते. २०२२-२३ च्या यादीला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, तिचीच गोष्ट सांगते.

मे महिन्यात मोसम निवला की मी वही उघडते. यादी करायची पहिली दोन वर्षं मी काय केलं, तर मागच्या मोसमात जास्त जिंकलेले दहा घोडे लिहून काढले. ते सगळ्यांनीच लिहिलेले असायचे, आणि त्यातले अर्धे पुढच्या हिवाळ्यात कुठेच नसायचे. शेजारच्या आजोबांना वही दाखवली तर म्हणाले, "ही तर मागच्या वर्षाची यादी झाली. तुला पुढच्या वर्षाची हवी ना?" मग त्यांनी एक रीत शिकवली. जुनी शर्यत लावायची आणि जिंकणाऱ्याकडे बघायचंच नाही. एक घोडा धरायचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत फक्त तोच बघायचा. मग पुन्हा पहिल्यापासून दुसरा घोडा. एका शर्यतीला कधी संध्याकाळ जाते. पण हरलेला घोडा का हरला, ते दिसायला लागतं.

त्या उन्हाळ्यात मी गॅलोपाँ दे शाँची एक शर्यत किती वेळा पाहिली असेल! मार्च २०२२, चेल्टनहॅमच्या महोत्सवातली नवोदितांची चेस. आयर्लंडचे ट्रेनर विली मलिन्स यांचा घोडा, वर पॉल टाउनएंड. शेवटच्या फेन्सकडे येताना मागे कुणीच नाही, शर्यत संपल्यात जमा. त्याने उडी नीट मारली. फेन्सला लागलासुद्धा नाही. पण उतरताना पुढचे पाय खाली दुमडले आणि तो तोंडावर आपटला. शर्यत बॉब ऑलिंगरला मिळाली, जो तोपर्यंत हरलेलाच होता. मी ते उतरणं थांबवून थांबवून बघितलं. पाय चुकीच्या जागी पडला नव्हता, उडीचा अंदाजही चुकला नव्हता. जमिनीने दगा दिला इतकंच. निकालाच्या कागदावर त्याच्यापुढे फक्त 'पडला' असं लिहिलेलं राहिलं. एप्रिलमध्ये आयर्लंडात फेअरीहाउसला तो १८ लेंग्थनी जिंकला, एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाएवढी लांबी. पहिलं नाव त्याचं लिहिलं, आणि पुढे कंसात 'हिशेब राहिलाय'. नंतर लक्षात आलं की मला वहीत असेच घोडे हवे होते.

कॉन्स्टिट्यूशन हिलचं नाव लिहायला शोध लागत नव्हता. मार्च २०२२ मध्ये सुप्रीम ही नवोदितांची हर्डल शर्यत त्याने २२ लेंग्थनी जिंकली होती, आणि त्याच दिवशीच्या चॅम्पियन हर्डल या मुरलेल्या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीपेक्षाही कमी वेळात. पण मी त्या शर्यतीत त्याच्या मागचा घोडा धरून बसले, जॉनबॉन. ५ लाख ७० हजार पौंडांना विकत घेतलेलं जनावर, थोर डूव्हाँचा सख्खा भाऊ, आणि तरी २२ लेंग्थ मागे. लोकांनी त्याला मनातून उतरवला. मला मात्र दिसत होतं की हर्डलवर तो उगाच उंच उडतोय, जणू पुढे फेन्स आहे असं समजून. असा घोडा हर्डलला वेळ घालवतो आणि फेन्सला वाचवतो. तिसरं नाव त्याचं.

चौथं अगदी दुसऱ्या टोकाचं. ह्यूइक, किंमत ८५० युरो. आयर्लंडचा शार्क हॅनलन नावाचा ट्रेनर, आणि या घोड्याने एप्रिलमध्ये सँडाउनची मोठी हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात ती शर्यत, जिंकून जुलैत गॉलवे प्लेटही जिंकली होती. आबा म्हणायचे, दावणीला बांधल्यावर किंमत बैलाच्या अंगावर लिहिलेली नसती. ते मला या दोघांची नावं एकाखाली एक लिहिताना पटलं.

नोबल यीट्सचं वेगळं. त्याने एप्रिल २०२२ मध्ये ग्रँड नॅशनल, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री या मैदानावरची प्रसिद्ध चेस, जिंकली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि सात वर्षांच्या घोड्याने ती जिंकली त्याला १९४० पासून ८२ वर्षं झाली होती. म्हणजे चारदाती कोवळ्या बैलाने सगळे दात आलेल्या, जुळलेल्या बैलांच्या पुढे शर्यत काढावी तसं. इतक्या लवकर इतकं केलेला घोडा अजून वाढणार होता.

बाकीच्यांत एडवर्डस्टोन, प्रोटेक्टोरॅट, बेभरवशाचा पण जीव ओवाळावा असा उडणारा अहॉय सेन्योर, आणि बंपर जिंकलेला फासिल व्हेगा. त्याची आई केव्हेगा इथल्या महोत्सवात सलग सहा वर्षं जिंकली होती, ते नाव मी मनाने लिहिलं, हे कबूल.

दहावं नाव कोराक रॅम्बलर. स्कॉटलंडच्या ट्रेनर लुसिंडा रसेल यांचा. मार्च २०२२ मध्ये तो अल्टिमा ही हँडिकॅप चेस जिंकला होता, पण कसा? अर्धी शर्यत तो मागच्या मागे, जणू त्याला यायचंच नाही. मग शेवटच्या चढावर सगळे दमलेले असताना हा एकेकाच्या बाजूने वर येतो. हँडिकॅपमध्ये घोड्याच्या गुणाप्रमाणे पाठीवर वजन ठरतं. जो दोनच पावलं पुढे राहून जिंकतो त्याचं रेटिंग फार चढत नाही. सगळं दाखवून टाकणाऱ्यापेक्षा असा घोडा वर्षभर पुरतो.

आता वगळलेले तीन, कारण त्यातच माझी खरी परीक्षा होती.

ए प्लू तार. तो मार्च २०२२ चा गोल्ड कप, चेल्टनहॅमची सगळ्यात मोठी चेस, १५ लेंग्थनी जिंकला होता. सव्वातीन मैलांच्या वर पल्ला, २२ फेन्स आणि शेवटी चढ. एवढी शर्यत अंगातून काय काढून घेते ते माणसांच्या फोटोंत मी रोज बघते. सलग दुसऱ्या वर्षी गोल्ड कप जिंकणारे घोडे फार थोडे. वगळला.

हनीसकल. सोळा शर्यती, सोळा विजय, दोन चॅम्पियन हर्डल, वर रेचल ब्लॅकमोर. पण घोडी आठ वर्षांची, आणि शेवटचे विजय मला आधीच्याइतके सहज वाटले नव्हते. जड मनाने वगळली.

ब्रेव्हमन्सगेम. एप्रिलमध्ये एन्ट्रीच्या मैदानावर तो फिका पडला होता, म्हणून मी एका रेघेत खोडला. पुन्हा शर्यत लावून त्याला एकट्याला पाहिलंच नाही. पाऊस पडून जमीन भिजली म्हणून मार्चमध्ये त्याला चेल्टनहॅमला पळवलं नव्हतं, हेही वहीत लिहिलेलं होतं. स्वतःची रीत मी इथे मोडली.

ऑक्टोबर आला पण पाऊस नाही. त्या जुलैत इंग्लंडात पहिल्यांदाच पारा ४० अंशांवर गेला होता आणि शरद ऋतूतही जमीन कोरडी ठणठणीत राहिली. इथे शर्यतीआधी मैदानाचा अधिकारी एक काठी जमिनीत खुपसून तिचा मऊपणा मोजतो आणि तो जाहीर होतो. जमीन कडक असली की उडी मारून उतरणाऱ्या पाचशे किलोच्या घोड्याचा सगळा भार पुढच्या एका पायावर, एका टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर येतो. ते टेंडन फाटलं की वर्ष जातं, कधी सगळं करिअर. म्हणून चांगले ट्रेनर घोडे तबेल्यातच ठेवत होते. माझ्या यादीतले बहुतेक आतच. विभागातले लोक कंटाळले, पण मला ते ठेवणं पटत होतं. नोव्हेंबरात ट्रेनर निकी हेंडरसन यांनी कॉन्स्टिट्यूशन हिलला ॲस्कटहून जमिनीमुळेच मागे घेतलं तेव्हा काहीजण नाराज झाले. आठवड्याने न्यूकॅसलला तो पळाला आणि १२ लेंग्थनी जिंकला.

त्याच नोव्हेंबरात हेडॉकला ए प्लू तारला जॉकीने मध्येच थांबवलं, आणि शर्यत माझ्या प्रोटेक्टोरॅटने नेली. डिसेंबरात हनीसकलही पहिल्यांदा हरली. वही खरी ठरत होती. पण ब्रेव्हमन्सगेमने वेदरबीला मोठी शर्यत घेतली आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी केम्प्टनला किंग जॉर्ज. त्याचं प्रत्येक उतरणं मऊ, नेमकं, घरच्या पायरीवरून उतरावं तसं. मी ती शर्यत टीव्हीवर बघितली आणि वहीतली ती एक रेघ मला फार टोचली.

मग १४ मार्च २०२३, मंगळवार. मी रजा टाकली होती. जमीन मऊ, टाचा रुतत होत्या. माझ्या यादीतले चार घोडे एका दुपारी पळणार होते.

पहिल्या शर्यतीआधी मी पॅडॉकच्या, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या आवाराच्या, कठड्याला जाऊन उभी राहिले. फासिल व्हेगा समोरून गेला. रेशमासारखं अंग, पण मानेवर घाम आलेला. त्याचा मोतद्दार सारखा त्याच्या नाकाजवळ हात नेऊन हळू बोलत होता. तो दुसरा आला. दुसऱ्या शर्यतीत, आर्कल या नवोदितांच्या चेसमध्ये, जॉनबॉन. फेन्सला तो खरोखरच बहरला होता, तोवर सगळ्या चेस जिंकल्या होत्या. पण एल फाबिओलो त्याच्या पुढे निघून गेला. मी घरी येऊन वही काढली. आदल्या एप्रिलमध्ये एन्ट्रीला याच एल फाबिओलोला जॉनबॉनने फक्त मानेच्या अंतराने हरवलं होतं. मी ती शर्यत पाहिली होती आणि दुसऱ्या आलेल्या घोड्यासाठी ती पुन्हा लावली नव्हती. जो नियम मला जॉनबॉनपर्यंत घेऊन गेला, तोच मी तिथे लावला नाही.

तिसरी शर्यत अल्टिमा. कोराक रॅम्बलर नेहमीसारखा मागे. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, हा आज संपला. मी काही बोलले नाही. शेवटच्या वळणानंतर तो बाहेरच्या बाजूने यायला लागला. चढावर त्याचा श्वास ऐकू येण्याइतकी मी जवळ होते. जोरजोरात, पण तालात, भात्यासारखा. मानेच्या अंतराने जिंकला. सलग दुसऱ्या वर्षी तीच शर्यत.

मग चॅम्पियन हर्डल. पॅडॉकमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिल चालतो ते पेंगुळलेल्या मुलासारखा, मान खाली, कान सैल. यालाच म्हणतात का, असं नवख्या माणसाने विचारावं. आबा असते तर म्हणाले असते, थांब, त्याला चालीव. शेवटच्या हर्डलला तो इतक्या लांबून उडाला की माझा श्वास अडकला. हवेत तो किती वेळ होता! उतरला आणि त्याच चालीत पुढे. नऊ लेंग्थ.

लगेच पुढची शर्यत घोड्यांची नव्हती, घोड्यांच्या बायकांची म्हणू या. त्यात हनीसकल. नऊ वर्षांची, दोनदा हरलेली, कारकिर्दीची शेवटची शर्यत. मी तिला वगळलं होतं आणि वहीप्रमाणे मी बरोबर होते. शेवटच्या चढावर दुसरी घोडी पुढे होती. हनीसकलने तिला गाठलं, मागे टाकलं, आणि स्टँडमधून जो आवाज उठला तो मी आजवर कुठल्याच मैदानात ऐकलेला नाही. अनोळखी माणसं रडत होती. मीही. ते नाव माझ्या यादीत नव्हतं याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

शुक्रवारी गोल्ड कप. अहॉय सेन्योर आघाडीवर असताना पडला, ह्यूइक शेवटून दुसऱ्या फेन्सवर पडला. दोघेही उठून उभे राहिले, आधी ते बघितलं आणि मगच शर्यतीकडे परत वळले. गॅलोपाँ दे शाँ शेवटच्या फेन्सकडे आला तेव्हा मी कठडा घट्ट धरला होता. वर्षापूर्वी याच मैदानात, याच टप्प्यावर. त्याने उडी मारली. पुढचे पाय उतरले, टिकले, आणि तो चढावर निघून गेला. दुसरा ब्रेव्हमन्सगेम. नोबल यीट्स चौथा, प्रोटेक्टोरॅट पाचवा. वहीतल्या पहिल्या नावापुढचा कंस मी तिथेच उभ्या उभ्या खोडला.

१५ एप्रिलला एन्ट्रीची ग्रँड नॅशनल. तिची वजनं फेब्रुवारीतच ठरून जाहीर होतात, म्हणजे मार्चमधल्या अल्टिमाच्या विजयाचा बोजा कोराक रॅम्बलरच्या पाठीवर आला नाही. हे मला आधीपासून दिसत होतं आणि आठवडाभर मी विभागात सगळ्यांना सांगत होते. तो जिंकला, या वेळी लपूनछपून नाही, शेवटी उघड पुढे येऊन. पण त्याच शर्यतीत पहिल्याच फेन्सवर हिल सिक्स्टीन पडला आणि मेला. माझ्या यादीत तो नव्हता, त्याची एकही शर्यत मी नीट पाहिली नव्हती. त्या रात्री मी त्याच्या जुन्या शर्यती लावल्या आणि त्याला एकट्याला बघितलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. या खेळावर माझं प्रेम आहे आणि हे मरण मला पचत नाही, दोन्ही खरं आहे. दुसऱ्या वर्षापासून नॅशनलमध्ये घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली गेली. पहिलं फेन्सही सुरुवातीच्या जवळ आणलं गेलं, म्हणजे घोडे तिथे भरवेगात पोचू नयेत. हे व्हायलाच हवं होतं.

विभागातल्या हिशेबात माझी यादी दुसरी आली. पहिल्या आलेल्या सहकाऱ्याकडे ब्रेव्हमन्सगेम होता.

मे महिन्यात घोडे गवतावर सोडतात. नाल काढलेली, खोगीर नाही, लगाम नाही. कामावर जाताना माझ्या रस्त्यावर असं एक शेत आहे. एक मोठा तपकिरी घोडा पाठीवर लोळून चारही पाय हवेत झाडत होता. मी गाडी बाजूला घेतली. तो उठला, अंग झटकलं, आणि कुंपणाच्या कडेने चालायला लागला. मी त्याला वळेपर्यंत बघत थांबले.